सर, मटार कुठे गेले?

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती त्या दिवसांत मी कथा लिहायला शिकत होतो. वय वीस. राहायला फणसवाडीत, नोकरी एका विमा कचेरीत, आणि डोक्यात एकच खूळ की आपण कथाकार व्हायचं. तोवर माझ्या तीन कथा लिहून झाल्या होत्या. तिन्हींतल्या नायिका क्षयानं वारल्या होत्या, तिन्ही पौर्णिमेला.

गिरगावात एक निवृत्त मास्तर रविवारी सकाळी नवोदितांसाठी कथालेखनाचा वर्ग घेत. जागा त्यांचीच, चाळीतली पुढची खोली. बाकं नव्हती. सरांनी स्वतः छापलेल्या कथासंग्रहाचे न खपलेले गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेले होते, त्यावर आम्ही बसायचो. वर्गात आम्ही आठजण होतो, आणि गठ्ठे आठांना पुरून उरत.

सरांचे नियम ठाम होते. कथेची सुरुवात निसर्गानं करावी. पात्रांनी घरी बोलतात तसं बोलू नये. स्वयंपाकघरात शक्यतो जाऊ नये, गेल्यास देवघरावरून लगेच परतावं. शेवटी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. मी हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेई आणि पाळीही. माझ्या वहीवर सर ‘उत्तम! अजून थोडं चांदणं हवं’ असा शेरा देत.

वर्गात नायगावच्या बीडीडी चाळीतून एक बाई येत. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्यावरच त्यांनी कथा लिहिली होती. घरातले देव गेले, फळी रिकामी राहिली. मुलानं फळीवर गजराचं घड्याळ ठेवलं. आई रोज सकाळी उठून सवयीनं फळीसमोर हात जोडते, मग घड्याळ दिसलं की ओशाळून किल्ली देते. एवढीच कथा.

वाचून झाल्यावर आम्ही सरांच्या तोंडाकडे बघितलं. आपलं मत काय, ते आम्हांला तिथून कळायचं.

“बाई, घटना चांगली आहे,” सर म्हणाले. “पण कथा कुठे आहे? आणि घड्याळाला नमस्कार? वाचकाला पटायचं नाही.”

“सर, पण आई खरंच करते,” बाई म्हणाल्या.

“खरं असेल. म्हणून काय लिहायचं?”

मीही मान डोलावली. आठवलं की आजही लाज वाटते.

मग जानेवारीतल्या एका रविवारी सकाळपासूनच नाक्यावर गडबड होती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. सर दूध आणायला गेलेले, परतले ते तासभर उशिरा. धोतर फाटलेलं, डोळे लालबुंद, हातात दूध नाही. खाली बसले, पाणी प्यायले आणि सांगायला लागले.

धूर आला तसे ते दिसेल त्या जिन्यात घुसले. दुसऱ्या मजल्यावर एका बाईनं दार उघडलं, त्यांना आत ओढलं आणि नाकाला लावायला फोडलेला कांदा दिला. तेवढ्यात मागोमाग हवालदार आला. “हे कोण?” तर ती बाई म्हणते, “माझे सासरे. डोक्यानं जरा कमी आहेत. बोलत नाहीत.” आणि सरांपुढे मटारची टोपली सरकवली.

“मी सोलायला लागलो!” सर म्हणाले. “चाळीस वर्षं शिकवलं, पण इतका वेळ गप्प कधी बसलो नव्हतो. हवालदार समोर उभा. तो म्हणतो, ‘आजोबा सोलतात छान!’ आणि दोन दाणे उचलून तोंडात टाकतो!”

“मग काय झालं, सर?” बाईंनी विचारलं.

“तो गेला. मी उठलो. तर ती म्हणते, ‘आता ही मेथी तेवढी निवडा आणि मग जा.’”

आम्ही गठ्ठ्यांवरून घसरायचे बाकी होतो. सर त्या बाईचा आवाज काढत होते, हवालदाराचा काढत होते, शेंग सोलून दाखवत होते. एवढी चांगली गोष्ट त्या खोलीत पूर्वी कुणी सांगितली नव्हती. आम्ही सगळे म्हणालो, “सर, हे लिहाच!”

सरांनी लिहिलं. पुढच्या रविवारी वाचून दाखवलं. पहिली दोन पानं अरुणोदय होता. दार उघडणारी बाई तरुण विधवा झाली होती आणि जाईच्या कळ्या गुंफत होती. हवालदार तिचा शोक ऐकून ढसाढसा रडला, काठी टाकून निघून गेला. सूर्यास्ताच्या सुमारास विधवाही गेली. कशानं, ते दिलं नव्हतं.

खोलीत शांतता पसरली. सरांना वाटलं, आम्ही गहिवरलो.

“सर,” बाईंनी विचारलं, “मटार कुठे गेले?”

“मटार साहित्यात येत नाहीत, बाई.”

त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या तिन्ही नायिका ट्रंकेच्या तळाशी घातल्या आणि वडिलांवर लिहायला घेतलं. ते सरकारी कचेरीत कारकून. मोर्चाला जायची मनाई. म्हणून पोटदुखीचा अर्ज देऊन त्यांनी किरकोळ रजा काढली आणि मोर्चाला गेले. तिथे गर्दीत त्यांना भेटले त्यांचे साहेब; त्यांनाही मी कथेत पोटदुखीचीच रजा दिली. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही आणि दोघं शेजारी शेजारी चालत राहिले.

सरांनी शेरा दिला, ‘विनोद टाळावा.’ बाईंनी वही घरी नेली आणि परत देताना म्हणाल्या, “एके ठिकाणी तुम्ही खोटं लिहिलंत. ‘झालाच पाहिजे!’ असं वडील गर्जले म्हणता. खरंच गर्जले?”

मी वडिलांना विचारलं होतं. “नाही,” मी म्हणालो. “साहेब शेजारी होते ना. नुसते ओठ हलवले.”

“मग तेच लिहा की.”

तेच लिहिलं. लिहिताना पहिल्यांदाच मला वडिलांचं वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही.

बाईंची घड्याळाची कथा एका मासिकानं एक शब्द न बदलता छापली. माझी त्याच वर्षी एका दिवाळी अंकात आली. वडिलांनी ती गॅलरीत उभ्यानं वाचली, अंक मिटला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अंक कचेरीत घेऊन गेले. संध्याकाळी कोट काढता काढता म्हणाले, “साहेबांनी वाचली. बरी आहे म्हणाले. एकच तक्रार आहे त्यांची.”

“काय?”

“तू त्यांनाही पोटदुखी दिलीस. त्यांनी दाढदुखीची रजा काढली होती. चौकशी करून लिहीत जा.”