भाऊजींचं न्यूट्रल

ताईचा फोन आला तेव्हा मी तिरोड्याजवळच्या एका गावात हळदीचे फोटो काढत होते. "हे गेले वं," एवढंच ती म्हणाली. मी सोबतच्या व्हिडिओवाल्याच्या हाती कॅमेरा दिला आणि आमगाव गाठलं. त्याला आता दीड महिना होईल. रेवाराम भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमगावात त्यांचा फोटो स्टुडिओ, रिळाच्या काळापासूनचा. दुखणं सहा महिन्यांचं होतं, त्यामुळे अचानक गेले असं म्हणता येत नाही. तयारी मात्र आमच्यातल्या कुणाचीच नव्हती.

मी या धंद्यात आले ती त्यांच्यामुळे. घरी ब्लाउज शिवत होते, बरं चाललं होतं. पण हळदीच्या वेळी बायका पुरुष फोटोग्राफरसमोर अंग चोरून बसतात, फोटो नीट येत नाहीत, म्हणून त्यांना साळीची, म्हणजे माझी, आठवण झाली. पहिला आठवडा त्यांनी मला एकही फोटो काढू दिला नाही, नुसती सेटिंग फिरवायला लावली. नवा कॅमेरा येतो तो विविडवर, म्हणजे रंग भडक करूनच येतो, दुकानात पाहणाऱ्याने वा म्हणावं म्हणून. भाऊजी तो आधी न्यूट्रलवर, म्हणजे रंग आहेत तसेच दाखवणाऱ्या सेटिंगवर, आणायचे. कॉन्ट्रास्ट एक घर खाली, शार्पनेसही खाली. "विविडवर धान प्लास्टिकचं दिसते," असं ते म्हणायचे, आणि खरंच दिसायचं. हळदीत तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलेला त्यांना मुळीच चालत नसे. मांडव पिवळा, साडी पिवळी, नवरीचं तोंड पिवळं. कॅमेऱ्याला वाटतं पिवळं जास्त झालं, म्हणून तो आपल्या मनानेच ते काढून घेतो आणि नवरी राख फासल्यासारखी येते. म्हणून ते मांडवात शिरले की आधी एका पांढऱ्या कागदाचा फोटो काढून कॅमेऱ्याला त्या उजेडातलं पांढरं दाखवायचे, मगच नवरीकडे वळायचे. नंतर कॉम्प्युटरवर रंग बदलणं त्यांना पसंत नव्हतं. एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्या शिलाई मशीनकडे पाहिलं. "ब्लाउजचं माप अंगाचं घेतेस का गिऱ्हाइकाच्या मनाचं?"

यामुळे नुकसानही झालंच. पोरगी गोरी आली नाही म्हणून लोक अल्बम परत आणायचे, पुढच्या लग्नाला गोंदियाचा फोटोग्राफर बोलवायचे. ताई चिडायची. भाऊजी हट्टी होते, आणि आपल्या हट्टाचं त्यांना थोडं कौतुकही होतं, हे मी आज त्यांच्या माघारी लिहिते आहे. समोर असते तरी हेच म्हटलं असतं.

मग माझी चूक झाली. मी नवा कॅमेरा घेतला होता. त्यात सॉफ्ट स्किन नावाची सोय होती. ती चालू केली की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डाग सगळं कॅमेराच पुसून काढायचा, रंगही थोडा उजळायचा. मी हौसेने आईचा फोटो काढला. आई दहा वर्षांनी लहान दिसत होती. गल्लीतल्या सगळ्यांनी वाखाणला. भाऊजींनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "फोटो सुंदर आहे. आता मामीचा काढ." आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात. मला इतका राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसरा फोटो तर काढलाच नाही. आणि त्याच हिवाळ्यात आई गेली.

भिंतीवर तोच फोटो लागला. तेरवीला सौंदडहून मावशी आली. तिला आता कमी दिसतं, म्हणून ती फोटोच्या अगदी जवळ गेली आणि काचेवर आईच्या हनुवटीपाशी बोट फिरवत राहिली. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे पाच ठिपके होते. लहानपणी दोघी बहिणी शेजारी शेजारी बसून गोंदवून आल्या होत्या, मावशीच्या हनुवटीवरही तेच पाच. माझ्या कॅमेऱ्याने ते डाग समजून पुसले होते. आईला ती बाई म्हणायची. "हे माही बाई नाई होय," मावशी म्हणाली आणि मागे येऊन खाली बसली. तिने कुणाला दोष दिला नाही. भाऊजी तिथेच होते. तेव्हाही आणि नंतरही त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या महिन्यात त्यांनी मला कॅमेरा घेऊन बोलावलं. गाल आत गेले होते, डोळे पिवळे पडले होते. "माहा एक काढून ठेव. आहो तसा काढ." ताई दारातच म्हणाली, असा चेहरा कायले ठेवायचा? जन्मभर मलेच पाहावा लागन. भाऊजी नुसते हसले. मी त्यांना खिडकीशी बसवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, न्यूट्रल केला, सावलीचा व्हाइट बॅलन्स ठेवला. सॉफ्ट स्किन आदल्या गिऱ्हाइकासाठी चालू केली होती, ती तशीच होती. हो, मी ती अजून वापरत होते, गिऱ्हाईक मागतं म्हणून... बंद करायला बोट नेलं आणि थांबले. ताईसाठी राहू द्यावी, असं मनापासून वाटलं. तरीही मी ती बंद केली आणि त्याच क्षणी बटण दाबलं.

भाऊजी गेल्यावर तेरवीच्या आधी भिंतीवरचा फोटो निवडायची वेळ आली. भाच्याच्या मोबाइलमध्ये कुणाच्या तरी लग्नातला भाऊजींचा एक होता, फेटा घातलेला, गुळगुळीत. मी म्हटलं, ताई, हाच लाव, मला काही वाटणार नाही. ते खोटं होतं. तिने दोन्ही फोटो मांडीवर घेतले. मोबाइलवरचा लगेच बाजूला ठेवला. मी काढलेला मात्र खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"बिमार दिसतेत," ती म्हणाली. "पण हे कॅमेऱ्याकडं नाई पाहून राहिले. तुया बोटाकडं पाहून राहिले. आता हे पोट्टी का करते म्हणून." आणि मग ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

तो फोटो तिने घरात लावला नाही, स्टुडिओत लावला. मी आता आठवड्यातले चार दिवस तिथे बसते. परवा एक आई मुलीला घेऊन आली, लग्नासाठी फोटो हवा होता. जरा गोरी येऊ द्या, असं आईचं म्हणणं. माझं बोट सवयीने सॉफ्ट स्किनकडे गेलं आणि परत आलं. फोटो काढला. पडद्यावर पाहताना मला एकदम रडू आलं, आवरेचना. मुलगी घाबरली. फोटो बिघडला का, असं तिने विचारलं.

"नाई वं," मी म्हटलं, "तुयासारखाच आला."