शिक्का नसलेली चिठ्ठी

कन्हानच्या पत्त्यावर पाठवलेले माझे रजिस्टर पत्र गेल्या महिन्यात परत आले. पाकिटावर पोस्टमनने निळ्या शाईत एकच शब्द लिहिला होता : 'मयत'. न्यायालयाच्या कचेरीत मी हा शब्द शेकडो समन्सांवर वाचला, नोंदवला आणि पुढच्या कागदाकडे वळलो. या वेळी मात्र पाकीट हातात धरून फाटकापाशीच उभा राहिलो... ढोके सिस्टर गेल्या होत्या.

सहा वर्षांपूर्वी माझी नात ओवी हिला रक्ताचा कर्करोग झाला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. रुग्णालयात भूल देऊन तिच्या पाठीच्या कण्यात औषध सोडत आणि त्याआधी उपाशी ठेवत. 'मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही देऊ नये', असे छापील सूचनापत्र आमच्या हाती होते. पहिल्याच खेपेला, सकाळी आठ वाजताचा नंबर असताना, पहाटे ढोके सिस्टर खाटेशी आल्या. "काका, पोरीले साखरपाणी पाजून द्या. डॉक्टर मॅडमनं सांगितलं, सहापर्यंत चालते. या औषधानं लेकरांची साखर लवकर उतरते." मी सूचनापत्र पुढे करून म्हणालो, "मग लेखी द्या." त्यांनी खिशातल्या वहीचे पान फाडले, लिहून सही केली. मी ते उलटसुलट पाहिले. "यावर शिक्का?"

"शिक्केवाला बाबू दहाले येते, काका. तवर काय भुकेले नोटीस देता?"

इतक्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि त्या गेल्या. मी चिठ्ठी फाइलला लावली. साखरपाणी दिले नाही. त्या परतल्या तेव्हा सहा वाजून गेले होते.

त्या दिवशी भूल द्यायच्या मुलांची यादी लांबत गेली. साडेअकराला ओवीच्या वरच्या ओठावर गार घाम आला, ती मला 'आई' म्हणू लागली, मग मान टाकली. सलग दुसऱ्या पाळीला थांबलेल्या सिस्टर धावत आल्या. बोट टोचले, साखर चव्वेचाळीस. त्यांनी डॉक्टरांना हाक देत शिरेवाटे ग्लुकोज सुरू केले आणि नजर पोरीवरून काढली नाही. काही मिनिटांनी ओवीने विचारले, "आजोबा, पोहे केव्हा?"

त्याच दुपारी मी अधीक्षकांना तीन पानी तक्रार लिहिली. लांबलेली यादी, कालबाह्य सूचनापत्र आणि 'कर्तव्यावरील परिचारिकेचा हलगर्जीपणा'. चिठ्ठीचा उल्लेख केला नाही. चौकशीत सिस्टरांनीही केला नाही. त्यांना मेमो मिळाला. मात्र त्याच चौकशीतून आदेशही निघाला : सर्वांत लहान मूल यादीत पहिले, साखरपाण्याची वेळ सूचनापत्रात छापलेली, उपाशी मुलाची साखर वेळोवेळी तपासायची.

महिन्याभराने मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी तो वाचून परत दिला. "तुमचं पत्र मागं गेलं तं यादीही मागं जाईन. आता लहान लेकरं पहिले जाऊन राहिले ना? मग राहू द्या मेमो. मले कोणतं कलेक्टर व्हायचं आहे?" तोवर नवी पद्धत रुजेल, म्हणून त्यांच्या निवृत्तीनंतरच अर्ज पुढे न्यायचा, असे ठरले.

पुढची दोन वर्षे उपासाच्या प्रत्येक सकाळी मी ओवीपाशी पेला घेऊन बसे आणि सिस्टर दारातून विचारत, "काका, शिक्का आणू का?" ओवी खुदकन हसे. पोर विनाकारण चिडली तर आधी साखर तपासा, मग रागवा, हेही त्यांनीच शिकवले. उपचार संपले. ओवी आता सायकलने शाळेत जाते.

सिस्टर यंदा निवृत्त झाल्या. परत आलेल्या पाकिटात तोच अर्ज होता, त्यांच्या संमतीसाठी. आता तो मी संमतीविना अधीक्षकांकडे धाडला आहे, चिठ्ठीची प्रत जोडून. मी आजही रागीट आहे. त्या दिवशीच्या रागाचा पत्ता मात्र चुकला होता, आणि हे मी त्यांच्या हयातीत लिहायला हवे होते...

मूळ चिठ्ठी माझ्या फाइलमध्येच आहे. 'ओवीला सहापर्यंत साखरपाणी द्यावे.' खाली सही. सहीखाली त्यांनी वेळही लिहिली आहे, पाच पस्तीस. माझ्या हातात पंचवीस मिनिटे होती.