पान पालटू न देणाऱ्या बाई

या गौरवग्रंथात बाकीचे सगळे कृतज्ञता व्यक्त करणार, याची मला खात्री आहे. त्यामुळे तक्रार नोंदवण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडते. प्रा. कुमुदिनी गांगुर्डे यांच्या घरी गेल्या एकवीस वर्षांत मला एकदाही चहा वेळेवर मिळालेला नाही. रविवारी चार वाजता वाचनवर्ग सुरू होतो. चहाचं भांडं ओट्यावर तयार असतं, पण पान वाचून पुरतं झाल्याशिवाय गॅस पेटत नाही. एक पान. प्रकरण नव्हे. एकदा कादंबरीतल्या एका जेवणाच्या प्रसंगावर आम्ही पावणेसातपर्यंत अडकलो होतो. कादंबरीतली माणसं जेवून, आचवून, पानसुपारी खाऊन उठली तरी आम्ही कोरडेच. या अन्यायाची दखल आजवर कोणी घेतलेली नाही. बाईंच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने ती घेतली जावी, एवढंच मागणं आहे.

मुळात मी त्या घरी पहिल्यांदा गेलो तो चहासाठीही नव्हे आणि साहित्यासाठीही नव्हे. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहीत होतो आणि दर आठवड्याला कोणाची तरी टोपी उडवणं भाग होतं. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एक बाई रविवारी मुलांना घरी बोलावतात आणि दोन तासांत कादंबरीचं एक पान वाचतात, असं कानावर आलं. विषय आयताच मिळाला म्हणून गंगापूर रोडमागची ती कॉलनी शोधत गेलो. दार बाईंनीच उघडलं.

"तुम्ही ते टोपी उडवणारे ना? या, लेखक. पुस्तक आणलंय?"

"नाही, मी नुसता ऐकायला आलोय."

"नुसतं ऐकायला कीर्तन असतं. इथे शेजारच्याच्या पुस्तकात बघा."

त्या दिवशी मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा बाईंनी एकच शब्द उच्चारला, "कुठे?" सदर काही लिहून झालं नाही. पुढच्या रविवारी मी स्वतःचं पुस्तक घेऊन गेलो.

या 'कुठे'ची थोडी माहिती द्यायला हवी. बाईंच्या वर्गात पान आधी मोठ्याने वाचायचं, मग मनात वाचायचं आणि मग बोलायचं. "लेखकाला असं म्हणायचंय की..." हे वाक्य तिथे चालत नाही. बाई म्हणतात, "लेखक इथे नाही. पान इथे आहे. बोट ठेवा." कॉलेजात त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी सांगतात की गाइडमधून उतरवलेल्या उत्तरपत्रिका बाई कधी लाल रेघांनी खोडत नसत. समासात फक्त 'कुठे?' लिहीत. एका विद्यार्थ्याला एकाच उत्तरात चौदा 'कुठे' मिळाले होते. तो आज वकील आहे आणि साक्षीदारांची उलटतपासणी चांगली घेतो, असं ऐकतो.

वाचायला मात्र बाई नव्याच कादंबऱ्या घेतात, शाई वाळते न वाळते तोच. त्याचं कारण मी एकदा विचारलं. "जुन्या पुस्तकांबद्दल लोकांनी सगळं आधीच सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "नव्या पुस्तकात तुम्हाला वाचवायला कोणी येत नाही."

बाईंना स्वतःलाही कोणी वाचवत नाही, आणि तसं वाचवून घ्यायला त्या तयारही नसतात. विंचूरहून येणारा कैलास कांद्याच्या मार्केटात लिलावाच्या नोंदी करतो. एका कादंबरीत व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलतो, हाताने फोडतो आणि परत ट्रॉलीत फेकतो. शेतकऱ्याच्या अपमानाचं उदाहरण म्हणून बाई हे पान कितीतरी जणांना शिकवून बसल्या होत्या. कैलास म्हणाला, "मॅडम, हा अपमान नाय. फोडून बघतोय म्हंजी घ्यायचा विचार हाय त्याचा. नुसती नजर टाकून पुढं गेला असता, तर अपमान." बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग आपल्या प्रतीत जुनं टिपण खोडून त्यांनी शेजारी लिहिलं, 'कै. म्हणतो ते बरोबर.' कैलासने वाकून बघितलं आणि ओरडला, "मॅडम, कै. नका लिहू! मी जिता हाय अजून!"

व्यक्तिगत ऋणाचा एक दाखला देतो. माझी आई अठरा दिवस दवाखान्यात होती. बाई रोज दुपारी बसने येत आणि तिला एका नव्या कादंबरीतलं वाचून दाखवत. आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पाचव्या दिवशी आईने मला जवळ बोलावलं. "अरे, या बाईंना कोणीतरी सांग रे. ती सून चार दिवस झाले, उंबऱ्यातच उभी आहे. आत कधी जायची?" मी निरोप पोहोचवला. बाई एकदम खूश. "विचारा त्यांना, का उभी असेल?" घरी आल्यावर आईने उरलेली कादंबरी अक्षर लावत लावत स्वतः संपवली. सून आत गेली का, हे तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही. "वाच की," म्हणते.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायचं कबूल केलं, तो.

सविता पगारे याच वर्गातली. माहेर देवळाली कॅम्पातलं, वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी. ती अंबडच्या एका कंपनीत तपासणी विभागात काम करते. सात वर्षं रविवारी येऊन बसली. बोलायची कमी, टिपून घ्यायची जास्त. चार वर्षांपूर्वी तिची पहिली कादंबरी आली. कॅम्पातलं एक घर, आई-वडील, मुलगी आणि मुलगा. मुलगा भरतीच्या सरावात धावताना कोसळतो आणि जातो. पुढे ते घर कसं चालतं, याची ती कादंबरी.

मी ती सदराचा मजकूर द्यायच्या सकाळी, पोहे खाता खाता चाळली. आणि लिहिलं की ही कादंबरी नसून पाणीपुरवठा खात्याचा अहवाल आहे. मुलगा वारला तरी आई बादल्याच भरते आणि साऱ्या पुस्तकातली एकमेव घटना म्हणजे वडील एका दिवशी दोनदा अंघोळ करतात. दर रविवारी शेजारी बसणाऱ्या मुलीवर हे लिहायची लाज वाटायला हवी होती. तेव्हा मला तो निःपक्षपातीपणा वाटला. सदर भलतंच चाललं. लोकांनी ते एकमेकांना मोबाइलवर पाठवलं. एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने सविताची ओळख 'आपल्या पाणीवाल्या लेखिका' अशी करून दिली आणि सभागृह हसलं.

सविता वर्गाला यायची थांबली. दुसरी कादंबरी तिने अर्धी लिहिली होती. ती वही तिने बाईंना आणून दिली. "मॅडम, ही तुमच्याकडे राहू द्या. माझ्याकडे राहिली तर मी फाडून टाकीन."

हे सगळं मला नंतर कळलं. बाई माझ्याशी सदराबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी सविताची कादंबरी घेतली, पान चौऱ्याऐंशी, आणि वाचायला मला सांगितलं. मी वाचलं. पहाटे नळ येतो. आई पिण्याचं पाणी भरते, मग न्हाणीत ओळीने अंघोळीच्या चार बादल्या भरते. शेवटची निळी भरत असताना पाण्याची धार बारीक होते, तरी ती काठोकाठ भरेपर्यंत तिथे उभी राहते.

"बादल्या किती?" बाईंनी विचारलं.

"चार."

"घरात माणसं?"

मी 'चार' म्हणणार होतो. तेवढ्यात कैलास म्हणाला, "तीन. पोरगा गेलाय ना."

"चौथी कोणाची?"

कैलासने भराभर मागची पानं चाळली आणि बोट ठेवलं. "सतराव्या पानावर हाय बघा. ज्याची त्याची बादली ठरलेली. निळी पोराची."

"पुढे वाचा, लेखक."

पुढची ओळ मला पाठ होती, कारण तिच्यावरच मी महाराष्ट्राला हसवलं होतं. मी वाचली. 'त्या दिवशी बाबांनी दोनदा अंघोळ केली.'

एक मुलगी म्हणाली, "सुतकाची असेल, मॅडम."

"कुठे?" बाई म्हणाल्या. "मुलगा जाऊन किती दिवस झालेत?"

तिने मागे जाऊन शोधलं. तो मे महिन्यात गेला होता. आदल्याच पानावर बहिणीची शाळा सुरू झाली होती. सुतक कधीच फिटलं होतं.

कैलासने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "तिनं सवयीनं भरली. बापाच्या ध्यानात आलं. ओतून दिली असती तर तिला दिसलं असतं. म्हणून त्यानं ती पन अंगावर घेतली. तिला कळू दिलं नाय." आणि पुस्तक मिटत म्हणाला, "लय भारी लिव्हलंय."

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. निघताना बाई दारापर्यंत आल्या. "तुम्ही वाचता चांगलं, लेखक," त्या म्हणाल्या. "फक्त लिहिता आधी."

मी सविताला फोन केला आणि माफी मागितली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, हे तुम्ही मला सांगताय. बादल्या चार होत्या हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा ना."

मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, आता ते सदर कोणाच्या लक्षात आहे, कशाला उकरून काढता? मला तेच ऐकायचं होतं. पुढे सदरही बंद झालं आणि माझी सोय झाली. वही मात्र बाईंच्या कपाटात तशीच आहे. सविता दिवाळीला येते, फराळ करते, वहीचं नाव काढत नाही. बाईही काढत नाहीत.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी बाईंना विचारलं, तुमच्याबद्दल काय लिहू? त्या म्हणाल्या, "काहीही लिहा. मी वाचणार नाही. सविता वाचेल."

त्या वहीत शंभरेक पानं आहेत आणि पुढे तेवढीच व्हायची आहेत, असा बाईंचा अंदाज आहे. पुरी झाल्यावर ती वर्गात घ्यायची, रविवारी एक पान या वेगाने, असं त्यांनी ठरवून ठेवलंय. तेवढी वर्षं आणि त्याच्या पुढचीही कितीतरी पुस्तकं बाईंना धडधाकट गाठता यावीत, त्यांची नजर शाबूत राहावी, गुडघ्यांनी त्रास देऊ नये आणि आमच्यासारख्यांना 'कुठे' विचारण्याचा त्यांना कंटाळा येऊ नये, ही मनापासून इच्छा.

राहता राहिलं माझं काम. सविता पगारे यांच्या पहिल्या कादंबरीत काही घडत नाही, असं मी चार वर्षांपूर्वी छापून आणलं होतं. ते चूक होतं. पान चौऱ्याऐंशी. बादल्या चार आहेत, माणसं तीन. मी मोजलं नव्हतं.