धुतलेल्या काचा

मुलांनो,

तुमच्यातल्या धाकटीने स्कॉटलंडहून फोनवर काही जुनी छायाचित्रं पाठवली होती. दगडी गोठे, गवताची टोपी घातल्यासारख्या गंज्या, आणि कापणीच्या शेतात विळे घेऊन उभ्या राहिलेल्या बायका. खाली विचारलं होतं, "आजी, आपल्याकडे असं काही आहे का?"

होतं. तुमच्या पणजोबांनी हैदराबादहून एक कॅमेरा आणला होता, काचेवर चित्र उमटवणारा. त्या काचा नांदूरघाटच्या घरी पत्र्याच्या पेटीत होत्या. त्यांत आपला गोठा होता, खळं होतं, आणि एका काचेवर ज्वारीच्या काढणीत उभ्या असलेल्या तुमच्या पणजी. आम्ही दोघी जावा लग्न होऊन या घरात आलो त्याआधीच त्या गेल्या होत्या. कागदावरची प्रत वाळवीने खाल्ली. त्यांचं रूप उरलं होतं ते त्या एका काचेवर.

काचांवरून फोटो काढून देणारं दुकान बीडमध्ये सापडलं. थोरल्या जाऊबाई गावीच राहतात. त्यांना फोन करून म्हटलं, "पेटी काढून ठेवा, काचा नातीला दाखवायच्या आहेत." दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. मांजरसुंब्याला गाडी चहासाठी थांबली तेव्हा, वाटेत आहे हे कळवायला पुन्हा फोन लावला.

"ये की," जाऊबाई म्हणाल्या. "समद्या धुऊन ठेवल्यात."

"काय धुऊन?"

"काचा गं. लई काळ्या झालत्या. पोरगी परदेशात बघणार, अन् तिला अशा घाण दाखवायच्या? कोमट पाण्यात भिजवल्या, साबण लावून काथ्यानं घासल्या. आता आरशावानी दिसतेत."

माझा चहा तसाच राहिला. चित्र काचेच्या आत नसतं. दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर वर असतो. गाडी सुटली. जाऊबाईंच्या हातात आता पूर्वीचा जोर नाही, असं मी स्वतःला सांगत होते. वरवर घासल्या असतील. तळातल्या एक-दोन राहिल्या असतील. मग त्यांची घासलेली पातेली आठवायची आणि पुन्हा धीर सुटायचा.

अंगणात काचा भिंतीला टेकवून वाळत घातल्या होत्या. प्रत्येकीतून मागची भिंत स्वच्छ दिसत होती. तरी मी एकेक उचलून उजेडात धरली.

"तोंड कावून पाडलं?"

"जाऊबाई, तो काळेपणा म्हणजेच चित्र होतं."

त्यांनी भिंतीशी टेकवलेली एक काच उचलून आरपार पाहिली. मग म्हणाल्या, "येवढी इंग्रजी शिकलीस, फोनवर येवढं सांगाया येत न्हवतं व्हय?" तशाच घरात गेल्या आणि लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली एक काच घेऊन आल्या. "ही न्हाई धुतली. हिच्यात रास दिसली मला. राशीवर कुणी पाणी वततं का?"

मी काच आभाळाकडे धरली. काचेत उजळ ते काळं उमटतं, तसं काळंशार दिसणारं धान्य, शेजारी सुपं घेतलेले गडी. कडेला कुठे पदर दिसतो का, म्हणून मी कोपरा न् कोपरा पाहिला.

"काय हुडकतीस? आपल्यात राशीपाशी बाया जात न्हवत्या."

राशीचा फोटो आता दुकानातून करून आणला आहे, तो पाठवते. त्यात तुमच्या पणजी नाहीत. म्हणून त्या काचेत कशा होत्या ते लिहून ठेवते. पदर कमरेला खोचलेला. कणसं डोक्याच्या वर. काचेत चेहरा काळा आणि केस पांढरे दिसायचे, त्यामुळे वय कळायचं नाही. विळा उजव्या हातात. जाऊबाई म्हणतात, डाव्या. काच उलटी धरली की हात बदलतो, आणि कोणी ती कशी धरली होती ते आता आम्हाला सांगता येत नाही. कपाळ रुंद होतं, यावर मात्र आमचं एकमत झालं. परत येताना एसटीत वाटायला लागलं, ते तरी मला खरंच आठवत होतं, की जाऊबाई म्हणाल्या म्हणून मी मान हलवली?