पाठीवरचा रफू

आत्याच्या हातात कुणाचाही शर्ट आला की आधी कॉलर उलटी व्हायची. आत लाल दोऱ्याची खूण शोधायची, मग पुढचं सगळं. लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण वेगळी असते, तशा तिने घरातल्या पुरुषांच्या कॉलरींतही खुणा घातल्या होत्या. बाबा म्हणायचे, "मी हरवलो तर लोक मला कॉलर धरून घरी आणतील."

म्हणून संग्रहालयातल्या साहेबांनी तिच्या इस्त्रीच्या टेबलावर तो जुना शर्ट ठेवला, तेव्हा तिने बाकी काही पाहिलं नाही. कॉलर उलटी केली. आत शेपटी असलेली फुली होती. तिच्या धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या काकाची.

"त्यांचाच ना?" साहेब म्हणाले. "जुन्या तुरुंगाच्या कोठारात सापडला, त्यांच्या नावाच्या चिठ्ठीसकट. स्वातंत्र्याच्या नव्या दालनात काचेत ठेवायचाय. खाली पाटी: परकीय फौजेच्या गोळीने हुतात्मा. तुम्ही फक्त हो म्हणा."

आत्याने इस्त्रीचा प्लग काढला.

आत्या कामाला होती त्याच लाँड्रीत काका बॉयलरवर होता. वर टेकडीवर परक्या फौजेची छावणी, खाली लाँड्री. देश पेटला तेव्हा लाँड्रीतल्या बायकांनी छावणीचे कपडे धुवायला नकार दिला. गाठोडी अंगणात कुजत पडली. "यांच्या बंदुका परवडल्या, मोजे नकोत," असं बायका म्हणायच्या आणि नाकाला पदर लावून हसायच्या. काका हसत नसे. "हे गेले की गाठोडी थांबतील असं वाटतंय का तुम्हाला? मालक तोच राहणार. वर्दीवरची बटणं तेवढी बदलतील. आपल्याला समाजवादी प्रजासत्ताक हवंय. म्हणजे हा बॉयलरसुद्धा आपला."

"आधी त्याची गळती थांबव," आत्या म्हणायची, "मग आपला म्हण."

परके गेले. चौकातला झेंडा बदलला, त्या दिवशी आत्याही रडली होती म्हणे. थोड्याच दिवसांत छावणीची गाठोडी पुन्हा आली. बटणं बदलली होती. काकाने आणि त्याच्या सोबत्यांनी फाटक आतून लावून घेतलं, धुराड्याला लाल कापड बांधलं आणि लाँड्री कामगारांची झाल्याचं जाहीर केलं. त्यांना आपल्याच शिपायांनी, आपल्याच भाषेत शिव्या देत, पकडून नेलं. लाँड्री सुरू झाली. आत्या कामावर गेली. घरात कमावणारं कुणीतरी हवं होतं.

तुरुंगाचे कपडेही तिथेच यायचे. एका सकाळी त्या गाठोड्यातून तिने एक शर्ट ओढला, कॉलर उलटी केली. शेपटीची फुली. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध एक भोक आणि भोवती वाळलेला तपकिरी डाग.

रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं. तिने गार पाणी घेतलं, मीठ घेतलं, डाग जाईपर्यंत चोळलं. शर्ट वाळल्यावर भोक रफू केलं. खळ दिली, इस्त्री फिरवली, घडी घातली, तुरुंगाच्या थप्पीवर ठेवली. गाडी आली आणि थप्पी घेऊन गेली. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय गं, आज तोंडाला कुलूप?"

"इस्त्री नीट तापत नाहीये," आत्या म्हणाली.

संध्याकाळी जेवायला वाढताना ती आजीला म्हणाली, "धाकट्याचा शर्ट आला होता."

आजीचा हात थांबला. "कुठाय?"

"धुऊन परत पाठवला."

प्रेत त्यांनी कधी दिलंच नाही. आजीने मरेपर्यंत पुन्हा त्या शर्टाचा विषय काढला नाही.

"परक्यांनी नाही मारलं त्याला," आत्या आता साहेबांना म्हणाली. "परके तेव्हा गेलेले होते."

"बाई, मला माहीत आहे. पण पाटीवर तसं लिहिता येत नाही. शेवटी ते कशासाठी गेले, स्वातंत्र्यासाठीच ना?"

"बॉयलरसाठी."

साहेब वाईट माणूस नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःचा कप विसळून पालथा घातला होता. "हो म्हणालात तर निदान त्यांची आठवण राहील," ते हळू म्हणाले. "नाही म्हणालात तर हा पुन्हा कोठारात जाईल, आणि पुढच्या साफसफाईत बाहेर. तसा हा फारच स्वच्छ आहे. डाग नाही, भोक नाही. लोकांना काहीतरी दिसायला हवं."

आत्याने शर्ट पालथा केला. पाठीवरून तळवा फिरवला, एका जागी थांबवला. टेबलाच्या खणातून छोटी कात्री काढली आणि टोकाने एक धागा उचलला.

"अहो, काय करताय? सरकारी वस्तू आहे ती!"

"भोक माझं नाही. रफू माझा आहे. तेवढा काढून घेतेय."

ती एकेक धागा ओढत राहिली. साहेब उठले, पण त्यांनी तिचा हात धरला नाही. भोक उघडलं. बोट जाईल एवढंच होतं.

"हो. माझ्या भावाचा आहे," ती म्हणाली. "ठेवा काचेत. असाच ठेवा, पाठ दिसेल असा."

साहेबांनी बराच वेळ त्या भोकाकडे पाहिलं. मग शर्ट गोळा करायला लागले. त्यांना घडी जमेना. आत्याने तो त्यांच्या हातातून घेतला, बाह्या मागे मुडपल्या, लाँड्रीतली घडी घातली, कागदात बांधून दिला.

दालन उघडलं तेव्हा बाबा तिला घेऊन गेले. काचांमध्ये टोप्या होत्या, चष्मे होते, एक बंदूक होती. शर्ट नव्हता. काकाच्या नावाची पाटीही नव्हती. आत्याने सावकाश सगळ्या काचा पाहिल्या, शेवटच्या काचेनंतर पुन्हा पहिलीपासून.

परत येताना बाबांनी विचारलं, "ताई, नुसतं हो म्हणायला हवं होतं का गं?"

"नाही," आत्या म्हणाली. मग तिने त्यांची कॉलर उलटी केली, आत पाहिलं आणि पुन्हा सरळ केली.