पाच फेऱ्यांची माळ

हे मी फादरांनाही सांगितलेलं नाही. दर शनिवारी पापं कबूल करायला त्यांच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसतो – शेडमधल्या शिव्या सांगतो, चुकवलेली रविवारची मिस्सा सांगतो, एकदा तर सख्ख्या भावावरचा राग सांगितला. हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, तेही येत नाही.

मी दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर. तरुणपणी पळायचो, फार पुढं गेलो नाही. मग ड्युटी सुटली की रेल्वेच्या मैदानावर आमच्या चर्चमधल्या पोरींना पळायला शिकवू लागलो. माझी एक पद्धत होती. हातात घड्याळ नव्हतं, आणि सगळ्यांना एकाच दावणीला बांधणं मला पटत नव्हतं. जिचा श्वास जसा, तिला तशी प्रार्थना. फिलूला मी माळ दिली. दहा नमो मारिया मनात म्हणायच्या, तेवढ्यात मैदानाची एक फेरी. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग, म्हणून पाच फेऱ्या. काय एकसारखी पळायची पोरगी! मला तिचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू.

फिलू म्हणजे फिलोमिना, तेव्हा वीस वर्षांची. बाप वारलेला, आई कॉलनीत कपडे शिवून घर चालवायची. दुष्काळाचं साल होतं, शिकलेली माणसंही खडी फोडायला जात होती. शिरूरला पाच फेऱ्यांची शर्यत ठरली. तीत पहिली येईल तिला पुण्याला निवडीसाठी बोलावणं, आणि तिथं जमलं की खेळाडूंच्या जागेवर रेल्वेत कारकून. कायमची नोकरी. फिलूची सगळी भिस्त त्यावर. आणि माझी? माझी भिस्त लाउडस्पीकरवर होती. दौंडच्या अमुक अमुक यांची ही शिष्या – असं कुणीतरी पुकारावं. बस, एवढंच हवं होतं मला.

शर्यतीला पंधरा दिवस उरले तेव्हा तिच्या उजव्या पायाची नळी दुखायला लागली. डॉक्टरकडं नेलं. पायाचा एक्स-रे फोटो काढला. फिलू बाहेर बाकावर, मी आत. डॉक्टर म्हणाले, हाडाला बारीक चीर आहे, सहा आठवडे पळू देऊ नका, नाहीतर मोडेल. मी मान हलवली. नीट ऐकलं होतं मी – शब्दन्‌शब्द.

बाहेर आलो तशी ती उठून उभी राहिली.

"काय म्हनले, अंकल?"

"शीर आखडलीय. काय न्हाई तसलं."

तिथंच थांबलो असतो तरी – पण नाही. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. मी म्हणालो, दुखणं प्रभूला वाहा. त्यानं आख्खा क्रूस वाहिला, तुला एवढं सोसवंना व्हय? असं बोललो मी, त्याचं नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर हजर होती.

शिरूरला चौथ्या फेरीपर्यंत ती पुढं होती. मग हाड मोडलं. आवाज आला असेल – लाउडस्पीकर चालू होता, मला ऐकू आला नाही. पडलेली दिसली. मी धावत गेलो नाही, चालत गेलो. का? ते मला अजून कळत नाही.

पण हेही सगळं नाही. प्लास्टर घातल्यावर तिला भेटायला गेलो. आईनं चहा टाकला. फिलू म्हणाली, "माझंच चुकलं, अंकल. चवथ्या फेरीत माळंवरनं मन उडालं, पायाकडं गेलं. श्रद्धाच कमी पडली माझी."

आता तरी बोल की, गड्या! सगळं अगदी ओठावर होतं. आणि मी म्हणालो, "व्हतं असं. नऊ दिवसांची नवेना कर." तिनं केली. प्लास्टरमधला पाय पुढं पसरून नऊ दिवस क्षमा मागितली. कशाची क्षमा? मी शेजारच्या खुर्चीत बसून आमेन म्हणत होतो.

पाय वाकडा सांधला. नोकरी हुकली ती हुकलीच. आता आईचं शिलाईमशीन तीच चालवते, डाव्या पायानं. सहा वर्षं झाली. मला वाईट वाटतं का? वाटायला हवं तिथं नुसतं बधिर आहे, दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तसं.

गेल्या महिन्यात मिस्सा सुटल्यावर ती चर्चच्या दारात थांबली होती, भाचीला घेऊन. पोरगी उंच, लांब पायांची.

"हिला तुमच्या हाताखाली घ्या, अंकल. तुमच्यावानी जीव लावून कोन शिकवनार?" मग पोरीकडं वळून म्हणाली, "अंकल सांगतील तसंच करायचं. दुखलंखुपलं तरी कुरकुर न्हाई करायची. मी केली, म्हनून माझं असं झालं."

मी म्हणालो, सोमवारपासून पाठव.