दानिएल सरांचं शेवटचं पान

डिसेंबर उजाडला की दानिएल सर चित्रकलेच्या तासाला मुलांना आधी मैदानात न्यायचे. शाळेचं लोखंडी फाटक सकाळी बर्फासारखं गार असायचं. एकेकाला त्यावर तळवा टेकवायला लावत आणि म्हणत, "आधी थंडी अंगाला लावा, मग कागदाला." मुलं हात झटकत, ओरडत वर्गात पळायची. मी पलीकडच्या वर्गात मराठी शिकवायचे. त्या गोंधळावरूनच मला कळायचं, आज सरांचा तास आहे.

आमची शाळा यावलची, चहूबाजूंनी केळीच्या बागा. सर मात्र शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचे. पावरा समाजातले, घरात दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. अंगाने काटकुळे, आवाज खर्जातला आणि बोलणं मोजकं. नाताळ आला की मुलं मोबाइलवर बघून बर्फ, लाल डगल्यातला म्हातारा आणि हरणं काढायची. सर ते कागद उचलून शांतपणे विचारायचे, "यावलला बर्फ कुठे बघितला रे?" कोणीतरी म्हणायचं, "गोळ्याच्या गाडीवर, सर." "मग गोळ्याची गाडी काढ. जे बघितलं नाही ते काढायचं नाही."

अशा माणसाने एके दिवशी माझ्या टेबलावर कागदांची चळत ठेवली. "बाई, लहान मुलांसाठी पुस्तक करतोय. नाताळाचं. चित्रं माझी, शब्द तुम्ही लिहा. माझं मराठी खडबडीत आहे."

गोष्ट साधी होती. डोंगरातल्या पाड्यावरची एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. बाप दूर कामाला गेलेला, नाताळाच्या आदल्या संध्याकाळी गाडीने येणार. दोघं बांबूच्या कामट्यांची कागदी चांदणी घेऊन त्याला आणायला डांबरी सडकेपर्यंत उतरतात. वाटेत रानडुक्कर आडवं येतं, ओढा लागतो, धुकं दाटतं. चित्रं मी पुन्हा पुन्हा बघितली. सागाची पानं गळालेलं रान, वाळल्या गवतावरचं दव, मुलीच्या खांद्यावरची ठिगळाची गोधडी. मी हौसेने भरभरून लिहिलं. सरांनी निम्मं खोडलं. "मुलीला थंडी वाजते हे चित्रात दिसतंय ना बाई? मग तुम्ही कशाला सांगता?"

त्याच सुमाराला त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. डायलिसिससाठी दर आठवड्याला जळगावच्या वाऱ्या सुरू झाल्या. डाव्या हातात सुया असायच्या, उजवा मोकळा. मांडीवर पाटी ठेवून ते तिथेच रंगवत बसायचे. नर्स आधी रागावली, मग स्वतःच रंगाचं पाणी बदलून देऊ लागली. मी सुटीच्या दिवशी भेटायला जायचे. एकदा म्हणाले, "ती समोरची खुर्ची आज रिकामी आहे, बघितलं? भुसावळचे होते. मागच्या खेपेला मला म्हणाले, पोराचं तोंड जरा हसरं काढा." इतकं बोलून त्यांनी ब्रश परत बुडवला.

चैत्र सरला तसं जळगाव भाजून निघालं. डॉक्टरांनी सरांचं पाणी तोडलं होतं, दिवसभरात अगदी थोडं, तेही घोट घोट. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, आणि हा माणूस धुकं आणि दव रंगवत बसलेला. मला म्हणाले, "आज ओढा काढला बाई. काढताना तहान विसरलो. संपल्यावर दुप्पट लागली."

पुण्याच्या प्रकाशकांकडच्या संपादकबाईंना चित्रं फार आवडली होती. थोडा बर्फ चालेल का, असं त्यांनी आधी विचारून पाहिलं. सरांनी नाही म्हटलं, त्यांनी ऐकलं. पण शेवटच्या पानावरून त्या अडल्या. सरांच्या शेवटच्या पानावर दोन्ही मुलं अंगणात पोचतात, दारात आई उभी असते. बाप कुठेच नाही. "मुलं संपूर्ण पुस्तकभर ज्याची वाट बघतात, तो यायला नको का?" त्यांनी फोनवर विचारलं. सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सर, बाईंचं काही चूक नाही. काढा ना बापाला."

"तो आला नव्हता," सर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ते बोलत होते आणि शेजारी यंत्र घरघरत होतं.

"रूथ माझी मोठी बहीण. सडकेवर आम्ही बसलो. गाडी आली, माणसं उतरली, बाप नाही. रूथ म्हणे, पुढच्या गाडीने येईल. पुढची गाडी आलीच नाही. अंधार पडला. मी थंडीने रडायला लागलो, तर तिने आपली गोधडी मला गुंडाळली. ओढ्यात मला पाठीवर घेतलं. स्वतः कमरेपर्यंत भिजली. तशीच डोंगर चढली. घरी पोचलो आणि ती तापाने फणफणली. छातीत कफ भरला. पाड्यावर ना गाडी, ना डॉक्टर. नवीन वर्ष तिने बघितलं नाही."

"आणि वडील?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पडले असतील कुठे पिऊन. मी कधी विचारलं नाही. पुढे त्यांच्याशी धड बोललोच नाही. ते वारले तेव्हा माती टाकण्यापुरता गेलो." सरांनी ओठांवरून ओला बोळा फिरवला. "रूथला मी पुस्तकात घरी पोचवली, तापाशिवाय. तेवढं खोटं मी केलं. बापाचं खोटं माझ्याने होत नाही."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. वैशाखात, शाळेला सुटी लागलेली असताना, जळगावलाच सर गेले. त्यांना पाड्यावर नेलं. खडकाळ जमीन तापून कडक झाली होती, खड्डा खणायला माणसांना फार वेळ लागला. एवढंच मला तिथलं आठवतं.

पावसाळ्यात संपादकबाईंचा फोन आला. पुस्तक त्यांना काढायचंच होतं. शेवटच्या पानावर बाप दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी सरांच्या पत्नीकडे, मार्था वहिनींकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी कोण सांगणार? सासूबाईंना विचारू. ती पोर त्यांची होती."

आम्ही दोघी चित्रं घेऊन शिरपूरला गेलो, तिथून जीपने पाड्यावर. सरांची आई आता पार वाकली होती. आयुष्यभर शिरपूरच्या बाजारात मोळ्या विकल्यामुळे ती खानदेशी छान बोलायची. तिने ओसरीत बसून एकेक चित्र मांडीवर घेतलं. गोधडीच्या चित्रावर तिचा हात थांबला. पाठीवर भावाला घेऊन ओढ्यातून जाणाऱ्या मुलीवरून तिने बोट फिरवलं. रडली नाही. शेवटचं पान आलं तेव्हा तिने ते उलटून मागची बाजूही पाहिली.

"पोरेसना बाप कोठे शे?" तिने विचारलं.

मी अडखळत म्हटलं, "आजी, सर म्हणाले, ते त्या दिवशी आलेच नव्हते. म्हणून काढलं नाही."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "उना नही? तो पायी निंघना व्हता वं माय! सणनी गर्दी, गाडीमा त्याले कोन्ही घिदं नही. मंग डोंगरमाथून, आडवाटनी उना. रातभर चालना. सडकवरथून उना असता तं पोरं भेटी जाती." तिने आपल्या तळपायांवरून हात फिरवला. "सकायले उना तं पाय फुटेल, रक्त निंघी राह्यंतं. रूथना उशाले बसना, उठनाच नही."

मार्था वहिनींनी पदर तोंडाशी धरला. "आई, हे त्यांना कधी सांगितलं नाही तुम्ही?"

"त्यानीच सांगू दिधं नही. म्हने, पोर गई, आते पायनं काय सांगू." मग ती म्हणाली, "आनि दानिएलनी कधी इचारंच नही."

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. जळगावच्या त्या खुर्चीत, कोरड्या ओठांनी, "माझ्याने होत नाही" म्हणणारे सर मला दिसत होते. त्यांना हे सांगायला आता जागाच उरली नव्हती.

निघताना म्हातारीने शेवटचं पान माझ्या हातात दिलं. "त्याले आना या चितरमा."

"आजी, चित्रकाराला चेहरा लागेल. फोटो आहे का त्यांचा?"

"फोटू कोठला? दानिएलले देखा. सारं तोंड त्यानंच व्हतं."

पुण्याच्या चित्रकाराला आम्ही सरांचा शाळेतला फोटो पाठवला आणि म्हातारीचं बोलणं कळवलं. त्याने सरांच्या रेघेला कुठेही धक्का लावला नाही. अंगण, दार, आई, दोन मुलं, सगळं तसंच ठेवलं. फक्त मागच्या डोंगराच्या आडवाटेवर एक माणूस काढला. अनवाणी, वाकून चालणारा. घर अजून त्याच्यापासून लांब आहे.

पुस्तक आलं तेव्हा सरांच्या मोकळ्या तासाला मी ते वर्गात वाचून दाखवलं. शेवटचं पान उघडलं आणि मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "बाई, हे तं आपले सर!"

"हो," मी म्हटलं.

पुढच्या बाकावरची मुलगी उठून अगदी जवळ आली. डोंगरावरच्या त्या माणसाकडे तिने निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाई, सर इतक्या उशिरा कुठून येऊन राहिले?"

मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि फळा पुसायला लागले.